कार्बोरेटर रिच चालतोय? मिक्श्चर स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवा

गाडीच्या मागे उभं राहिलं की पेट्रोलचा वास डोक्यात जातो. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर काळी काजळी लागते. गाडी उभी असताना इंजिन एका लयीत चालत नाही, वर-खाली होत राहतं, आणि टाकीचा काटा पूर्वीपेक्षा लवकर खाली येतो. जुनी गाडी नव्यानेच हाती आलेल्या माणसाला अशा वेळी पहिला सल्ला मिळतो, "कार्बोरेटर रिच आहे, स्क्रू थोडा आत घ्या." कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, आणि रिच म्हणजे त्या मिश्रणात पेट्रोल जास्त.

हा सल्ला पहिल्या दिवशी ऐकू नका. मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या या मिक्श्चर स्क्रूचा अंमल जवळपास फक्त आयडलिंगवर, म्हणजे पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतानाच्या चालीवर असतो. जास्तीचं पेट्रोल बहुतेक वेळा दुसऱ्याच वाटेने इंजिनात शिरत असतं. ती वाट न शोधता स्क्रू आवळला, तर आयडलिंग बिघडतं, मूळ दोष तसाच राहतो आणि पूर्वीची सेटिंग काय होती हेही कुणाला आठवत नाही. माझ्या पहिल्या गाडीत मी दोन रविवार त्या स्क्रूशी झटलो. दोष निघाला चोकच्या, म्हणजे गार इंजिन सुरू करताना हवा अडवून मिश्रण रिच करणाऱ्या झडपेच्या केबलमध्ये. बटण पूर्ण आत ढकललं तरी केबल ताणलेली राहायची आणि चोकची झडप अर्धवट मिटलेली असायची. दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. तेव्हापासून मी तपासणीचा क्रम मोडत नाही, आणि तोच क्रम इथे देतो आहे.

रिच म्हणजे नेमकं काय

१ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा याहून कमी पडली की मिश्रण रिच, जास्त झाली की लीन. रिच असणं हा दर वेळी दोष नसतो. पूर्ण ताकद हवी असते तेव्हा इंजिनाला १२.५ ते १३ च्या आसपासचं मिश्रण लागतं, आणि गार इंजिन सुरू करताना तर त्याहूनही रिच. चोक त्यासाठीच असतो. इंजिन गरम झाल्यावर, सपाट रस्त्यावर आरामात चालतानाही मिश्रण तसंच राहिलं, तर मात्र बिघाड आहे.

हा बिघाड फक्त खिशाला लागत नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून नाकाशी धरा. पेट्रोलचा स्पष्ट वास आला, किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर ट्यूनिंगच्या आधी ऑइल बदला. नवखा माणूस ही पायरी हमखास गाळतो. पेट्रोल मिसळलेलं ऑइल तापलं की त्याची वाफ ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या पाइपातून पुन्हा इनटेकमध्ये, हवा आत जाण्याच्या वाटेवर, जाते. म्हणजे तुम्ही कार्बोरेटर कितीही नीट लावा, इंजिनाला पेट्रोल खालूनही मिळत राहतं.

आधी खात्री करा

धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे जास्तीचं पेट्रोल. निळसर असेल तर ऑइल जळतंय, आणि इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये जात असण्याची शक्यता आहे. या शेवटच्या दोन दोषांचं औषध कार्बोरेटरमध्ये नाही.

मग सगळे स्पार्क प्लग काढा आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा हे कळेल अशा क्रमाने मांडा. टोकावर फिकट तपकिरी किंवा राखाडी छटा असेल तर ठीक. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी असेल तर रिच. ओलसर, चिकट काळेपणा ऑइलचा असतो. चारांपैकी एकच प्लग काळा असेल तर कार्बोरेटरला दोष देऊ नका. त्या सिलिंडरची ठिणगी किंवा कॉम्प्रेशन तपासा. एक लक्षात ठेवा, गाडी बराच वेळ जागेवर उभी ठेवून चालवली की चांगल्या इंजिनाचे प्लगही काळवंडतात. म्हणून प्लग बघायचे ते थोडं अंतर चालवून आल्यावर.

गार असताना गाडी छान चालते आणि गरम झाली की घुटमळते, ही रिचची मोठी खूण आहे. लीन इंजिनाचं नेमकं उलट असतं. आणखी एक सोपी चाचणी करता येते. गरम इंजिन आयडलिंगला ठेवून इनटेक मॅनिफोल्डवरचा (कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांवरचा) एखादा बारीक व्हॅक्यूम पाइप किंचित सैल करा, म्हणजे थोडी जास्तीची हवा आत जाईल. इंजिन सावरलं, वेग वाढला, तर मिश्रण रिच होतं. लगेच अडखळायला लागलं, तर रिच नव्हतं. ब्रेकच्या बूस्टरचा जाड पाइप मात्र या चाचणीला वापरू नका, त्यातून एकदम फार हवा शिरते.

गाडी नेमकी कधी रिच असते, हेही टिपून ठेवा. फक्त उभी असताना असेल तर संशय आयडल सर्किटवर. एका वेगाने चालताना असेल तर मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक असलेला भाग), त्याची हवेची भोकं किंवा पॉवर व्हॉल्व्ह (जास्त ताकद हवी असताना जादा पेट्रोल देणारा). सगळीकडेच असेल तर चोक, एअर फिल्टर किंवा फ्लोट.

हात घालण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटू शकते. काम उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका. रिच इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलचा पाइप सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन चालू असताना सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी फॅन बेल्टजवळ नको. कार्बोरेटरच्या तोंडावर चेहरा आणून कधीही आत बघू नका, बॅकफायर झाला तर ज्वाळ थेट वर येते. बाजूने, टॉर्चच्या उजेडात बघा.

ठिणगी आणि हवा

कार्बोरेटरचा दोष वाटणाऱ्या कितीतरी तक्रारींचं मूळ इग्निशनमध्ये असतं. ठिणगी कमजोर असेल तर मिश्रण बरोबर असूनही पूर्ण जळत नाही, आणि मागे वास तोच येतो. प्लगचा गॅप, पॉइंटचा गॅप, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि टाइमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे आधी लावून घ्या. व्हॉल्व्हचा क्लिअरन्सही बघून घ्या.

टाइमिंगचा संबंध थोडा खोलातला आहे, पण समजून घेण्यासारखा आहे. टाइमिंग मागे पडलं की आयडलिंगचा वेग कमी होतो. मग कुणीतरी स्पीड स्क्रू (आयडलिंगचा वेग ठरवणारा) फिरवून थ्रॉटलची, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी पाकळी जास्त उघडतं. पाकळी वर सरकली की तिच्या कडेजवळची, एरवी थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावरच कामाला येणारी बारीक भोकं उघडी पडतात आणि त्यांतून पेट्रोल यायला लागतं. ते मिक्श्चर स्क्रूच्या ताब्यात नसतं. अशा गाडीत स्क्रू कितीही आवळा, रिचपणा जात नाही.

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उजेड पलीकडे दिसत नसेल तर बदला.

मॅनिफोल्डला बाहेरून हवेची गळती असेल तर मिश्रण लीन होतं, मग रिचच्या लेखात ती कशाला? कारण आधीच्या कुणी ती गळती न शोधता स्क्रू उघडून, नाहीतर मोठा जेट बसवून भरपाई केलेली असते. मग आयडलिंग कसंबसं जमतं आणि बाकी सगळीकडे गाडी पेट्रोल पिते. तडे गेलेले रबरी पाइप, कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग आणि मॅनिफोल्डचे नट तपासा. व्हॅक्यूम गेज असेल तर लावा. निरोगी इंजिन समुद्रसपाटीजवळ आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं आणि काटा स्थिर राहतो.

चोक

इंजिन पूर्ण गरम करा, बंद करा, एअर फिल्टरचं झाकण काढा. चोकची झडप सरळ उभी, पूर्ण उघडी दिसली पाहिजे. हाताने चालणारा चोक असेल तर बटण आत असताना केबलला किंचित ढील हवी. ऑटोमॅटिक चोक असेल तर त्याच्या आत दोन धातूंची गुंडाळी असते, ती गरम झाली की झडप उघडते. गुंडाळीला उष्णता इंजिनाच्या पाण्यातून मिळत असेल आणि थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल, तर पाणी पुरेसं तापत नाही आणि चोक अर्धा लागलेलाच राहतो. इथे बदलायचा असतो थर्मोस्टॅट, आणि लोक कार्बोरेटर खोलून बसतात. झडपेच्या दांड्यावर चिकटा असेल तर कार्ब क्लीनर मारून ती मोकळी करा.

फ्लोट: दोष बहुतेकदा इथेच सापडतो

फ्लोट चेंबर म्हणजे पाण्याच्या टाकीतल्या बॉल व्हॉल्व्हची छोटी आवृत्ती. पेट्रोल भरत जातं, फ्लोट तरंगत वर येतो आणि ठरलेल्या पातळीला नीडल व्हॉल्व्ह बंद करतो. मेन जेटमधून वर जाणारं पेट्रोल याच पातळीपासून ओढलं जातं. पातळी दोन-तीन मिलिमीटर जरी वर गेली, तरी आयडलपासून फुल थ्रॉटलपर्यंत सगळीकडे मिश्रण रिच होतं. आणि ती फारच वर गेली तर कार्बोरेटर ओव्हर होतो, पेट्रोल बाहेर गळायला लागतं.

एअर फिल्टर काढलेला असतानाच इंजिन आयडलिंगला ठेवा आणि बाजूने टॉर्च मारून पेट्रोल हवेत सोडणाऱ्या मधल्या नळीच्या तोंडाकडे बघा. स्थिर जेट असलेल्या कार्बोरेटरमध्ये आयडलिंगला तिथून थेंब पडता कामा नयेत. पडत असतील तर पुढची शोधमोहीम इथेच.

कारणं चार असू शकतात. पहिलं, नीडल व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा. इंधनाचा फिल्टर जुना असला की हे होतंच. दुसरं, नीडलचं टोक झिजून त्यावर गोल वळ पडलेला असतो. टोकाला रबर असेल तर ते जुनं होऊन, किंवा इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने फुगून, नीट बसत नाही. नीडल आणि बैठक ही जोडी एकत्रच बदला. तिसरं, फ्लोटच जड झालेला असतो. पितळी फ्लोट कानाजवळ धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलेला आहे. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, भोक असेल तिथून बुडबुडे येतील. पाणी दुसरीकडे तापवून आणा, ज्योतीशेजारी हे करू नका. आत पेट्रोल असलेल्या फ्लोटला डाख द्यायला जाऊ नका, त्याचा स्फोट होऊ शकतो. नवा घ्या. फोमचा फ्लोट असेल तर तो वर्षानुवर्षं पेट्रोल शोषून जड होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्याचं वजन करून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडणं हाच मार्ग. चौथं, पंपाचा दाब. पुष्कळ कार्बोरेटरना ३ ते ५ पीएसआयच्या आसपासचा दाब पुरतो, काहींना त्याहूनही कमी. बाहेरून बसवलेला जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप नीडलला ढकलून पेट्रोल आत रेटतो.

सगळं ठीक असेल तर पातळी मोजा. झाकण उलटं धरून फ्लोट आणि झाकणाची कड यांतलं अंतर घ्यायचं असतं. पॅकिंग लावून मोजायचं की काढून, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि तेवढ्यानेच आकडा बदलतो. नीडलच्या मागे स्प्रिंगची बारीक गोळी असेल तर ती फ्लोटच्या वजनाने दबू देऊ नका. फ्लोटची जीभ वाकवताना नीडल बैठकीवर दाबली जाणार नाही याची काळजी घ्या. एका वेळी अगदी थोडं वाकवा आणि पुन्हा मोजा.

जेट आणि आतली भोकं

इथे एक कळकळीची विनंती आहे. जेटमध्ये तार, सुई, टाचणी घालू नका. जेट पितळी असतो, मऊ असतो. वेबर किंवा सोलेक्सच्या मेन जेटवर १२० आकडा असेल तर त्याचं भोक १.२० मिलिमीटरचं आहे. ते घासून १.२५ झालं तर क्षेत्रफळ जवळपास साडेआठ टक्क्यांनी वाढतं. तेवढंच पेट्रोल कायमचं जास्त जाणार, आणि जेटवर आकडा मात्र १२० च राहणार. जुन्या गाडीत असा खरवडलेला जेट मिळणं नवलाचं नाही. कार्ब क्लीनर आणि कंप्रेसरची हवा पुरेशी आहे. डोळ्यांवर चष्मा लावा.

हवेची भोकं पेट्रोलच्या भोकांइतकीच महत्त्वाची. जेटला पेट्रोलात हवा मिसळून देणारी ही बारीक भोकं राळेसारख्या थराने बुजली की पेट्रोल तेवढंच येतं, हवा कमी पडते, आणि मिश्रण रिच होतं. जेट साफ करणारे अनेक जण नेमकी हीच विसरतात.

जेटवरचे आकडे मॅन्युअलशी जुळवून बघा. कुणी मोठा जेट घातला असेल तर मूळ आकारावर या. पॉवर व्हॉल्व्हचा पडदा फाटला असेल तर त्यातून पेट्रोल सतत मॅनिफोल्डमध्ये झिरपतं, तोही बघा. एक अपवाद उंचीचा. १,५०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे १४ टक्क्यांनी कमी असते, त्यामुळे खाली बरोबर असलेला कार्बोरेटर वर निर्दोष असूनही रिच चालतो. तुम्ही कायम उंचावरच राहत असाल तर एक आकार लहान जेट घालणं योग्य आहे. चार दिवसांच्या सहलीसाठी काही करू नका.

आता स्क्रू

आधी दोन स्क्रूंमधला फरक ओळखा. थ्रॉटलच्या दांडीला टेकून तिला ढकलतो तो स्पीड स्क्रू. कार्बोरेटरच्या अंगात शिरतो तो मिक्श्चर स्क्रू. गाड्यांच्या बहुतेक स्थिर जेटवाल्या कार्बोरेटरमध्ये तो बुडाशी, थ्रॉटलच्या पाकळीजवळ असतो. तो आत घेतला की लीन, बाहेर काढला की रिच. काही कार्बोरेटरमध्ये मात्र तो हवा अडवणारा असतो आणि तिथे सगळं उलटं होतं. तुमचा कुठला, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

इंजिन बंद असताना स्क्रू हळूच आत फिरवत बसेपर्यंत न्या. किती आटे फिरले ते मोजा आणि लिहून ठेवा, काही बिनसलं तर परत येण्याचा पत्ता तोच. शेवटी जोर लावू नका. स्क्रूचं निमुळतं टोक बैठकीवर दाबलं गेलं तर टोकाला खाच पडते आणि नंतर तो नीट लागतच नाही. आता मॅन्युअलमध्ये दिलेले तेवढे आटे, आकडा नसेल तर दीड आटा, उघडा.

पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून इंजिन पूर्ण गरम करा. एअर फिल्टर परत बसवा, कारण गाडी रस्त्यावर त्याच्यासकटच चालणार आहे. दिवे आणि एसी बंद. स्पीड स्क्रूने मॅन्युअलमधला आयडलिंगचा वेग लावा, बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांत तो ७५० ते ९०० आरपीएमच्या दरम्यान असतो. आता मिक्श्चर स्क्रू पाव आटा आत घ्या आणि दहा सेकंद थांबा. इंजिनाला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो. असं करत इंजिन अडखळेपर्यंत जा. मग उलट, सावकाश बाहेर, जिथे वेग सगळ्यात जास्त आणि चाल सगळ्यात गुळगुळीत लागते तिथपर्यंत. वेग वाढला असेल तर स्पीड स्क्रूने पुन्हा खाली आणा आणि हेच परत करा. दोन-तीन फेऱ्यांनंतर फरक पडेनासा होतो. तिथून स्क्रू अगदी किंचित आत घ्या, जेमतेम २० ते ३० आरपीएम कमी होतील इतका. दोन मिक्श्चर स्क्रू असतील तर दोन्ही सारखेच फिरवत न्या.

स्क्रू पूर्ण आत गेला तरी इंजिन बंद पडत नसेल, तर पेट्रोल अजून दुसरीकडून येतंय. पुन्हा फ्लोटकडे आणि थ्रॉटलच्या पाकळीकडे वळा.

एसयू पद्धतीच्या कार्बोरेटरला वेगळी रीत आहे. त्यात जेटच वर-खाली होतो. खालचा नट वर सरकवला की लीन, खाली आणला की रिच. एका वेळी नटाची एकच बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरा फिरवा. मग कार्बोरेटरमधला पिस्टन (इंजिनाचा नव्हे) सुमारे ०.८ मिलिमीटर उचलून बघा. वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर रिच. क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. इंजिन बंद पडायला लागलं तर लीन. या कार्बोरेटरमध्ये पिस्टनला लागलेली सुई जेटच्या एका बाजूला घासत राहिली की भोक लांबट होतं आणि मिश्रण रिच होतं. तेव्हा नट फिरवून उपयोग नाही, सुई आणि जेट बदलावे लागतात.

रस्त्यावर

साफ केलेले किंवा नवे प्लग घालून पंधरा-वीस किलोमीटर एकसारख्या वेगाने चालवा, मग गाडी सुरक्षित जागी थांबवून लगेच बंद करा. प्लग गार झाल्यावर काढून बघा. आजच्या शिसेविरहित पेट्रोलवर छटा फार गडद येत नाही, त्यामुळे जुन्या चित्रांतल्या गडद तपकिरीची वाट बघू नका. काजळी नसली, टोक स्वच्छ राखाडी-तपकिरी असलं, तर झालं. टोक पांढरंफटक असेल आणि चढावर इंजिन मागे ओढतंय असं वाटलं तर तुम्ही लीनकडे जास्त गेलात. अति लीन मिश्रण व्हॉल्व्ह आणि पिस्टन जाळू शकतं, त्यामुळे शंका असेल तर किंचित रिच बाजूलाच राहा.

वाइडबँड मीटर, म्हणजे सायलेन्सरमधल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं यंत्र, असेल तर काम सोपं होतं. आयडलिंगला १३ ते १४, आरामाच्या चालीत १४ ते १५, पूर्ण दाबल्यावर १२.५ ते १३ असे आकडे शोधा. पण प्लग मिस होत असेल तर न जळलेला ऑक्सिजन सायलेन्सरमध्ये जातो आणि मीटर रिच इंजिनालाही लीन म्हणून दाखवतो. इग्निशन आधी तपासायला सांगितलं, त्याचं हेही एक कारण.

पुढच्या दोन टाक्यांचा अ‍ॅव्हरेज लिहून ठेवा, आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर डिपस्टिक काढून ऑइलचा वास पुन्हा एकदा घ्या.